टिंगल कसली, दादा?

आज मामेभावाकडे जेवायला गेलो होतो. मुलांना मी 'अ चायनीज ओडिसी' हा हाँगकाँगचा विनोदी सिनेमा लावून दिला. वीस मिनिटंही झाली नसतील, दादानं रिमोट घेऊन टीव्हीच बंद केला. "स्वतःच्या देवादिकांची टिंगल करतात हे लोक, आणि तू हे पोरांना दाखवतेस?" वहिनीसमोर वाद नको म्हणून तिथे गप्प बसले. घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं.

टिंगल? मग नाथांनी 'विंचू चावला' लिहिलं ती कुणाची टिंगल? गवळणीत मावशी किसनदेवाला भर रस्त्यात फैलावर घेते, पेंद्या लंगडत येतो, आपण पोट धरधरून हसतो. तेव्हा कुणाचा धर्म बुडतो?

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो २००९ मध्ये, आजीबरोबर. खुब्याचं हाड मोडून ती पुढच्या खोलीत कॉटवर पडून होती. मी सबटायटल वाचायची आणि तिला मराठीत सांगायची. त्यातला भिक्षू इतकी अखंड बडबड करतो की पहारा देणारा राक्षस कंटाळून जीव देतो! आजी म्हणाली, "अगं, हा तर आमच्या गावचा पुराणिक!" आणि हसता हसता तिला ठसका लागला.

हा बडबड्या भिक्षू म्हणजे शाळेत आपण पाठ केलेला ह्युएन त्संग. सातव्या शतकात वाळवंट तुडवत भारतात आला, नालंदेत शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं आपल्याबद्दल लिहून गेलाय तो. ६४५ मध्ये पोथ्या घेऊन परतला. लोकांनी त्याच्या प्रवासाला माकड, डुक्कर, राक्षस जोडले, सोळाव्या शतकात त्याची शंभर अध्यायांची कादंबरी झाली, आणि १९९५ मध्ये हाँगकाँगच्या जेफ्री लाऊनं स्टीफन चाऊला माकडराजा करून त्यावर हे दोन भाग काढले. एवढी शतकं लोक ज्याची गोष्ट सांगत आलेत, त्याला हसण्याइतकी माया त्यांनी केलीय. ज्याच्याशी काही नातंच नाही, त्याची कोण कशाला थट्टा करेल?

बरं, पहिल्या भागातले काही विनोद थिल्लर आहेत, कबूल. आणि काळ मागेपुढे उड्या मारतो त्यात गोंधळायला होतं, तेही कबूल. चीनमध्येसुद्धा तो आधी आपटलाच होता. पुढे कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतला, संवाद पाठ केले.

पण दादा, तू वीस मिनिटांत बंद केलास रे. बुवा पूर्वरंगात हसवतायत म्हणून कीर्तनातून उठून जातं का कुणी?

सिनेमाच्या शेवटी नायक डोक्याला सोन्याचं कडं चढवतो. ते चढलं की माकडराजाची शक्ती परत येते, पण संसार सुटतो. जिच्यावर जीव आहे ती झ्शिया त्याच्या हातात मरत असते, आणि तिच्यासाठी जीव तुटला की ते कडं आवळत जातं. इतकं आवळतं की तिला धरलेला हात सुटतो.

तिथे मी आजीला काही सांगितलंच नाही. गरज नव्हती. ती पडद्याकडे बघत होती आणि उजव्या हातानं डावं मनगट चोळत होती. सव्विसाव्या वर्षी आजोबा गेले तेव्हापासून मोकळं असलेलं मनगट. घरात कधी कुणी त्याबद्दल बोललेलं नव्हतं, तीही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पाणी दे गं." पाणी प्यायली आणि म्हणाली, "तो पुराणिक पुन्हा लाव."

लावला. पुन्हा तितकीच हसली.

दादा, तू हे वाचशील माहितीये. रागावले होते, आता नाही. रविवारी मुलांना माझ्याकडे पाठव. तूही ये. दोन्ही भाग बघू, आणि यावेळी रिमोट माझ्याकडे राहील.