शहर लहान म्हणून संघ बुडतो?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगबद्दल एक दावा सतत फिरत असतो. लहान शहरांतल्या संघांचा तोटा हा बाजारपेठेचा दोष आहे, तिथं प्रेक्षकच नाहीत, मालक बिचारे पदरमोड करून संघ चालवतात, तेव्हा शहरानं तरी हात सैल करावा. मला हे साफ अमान्य आहे. या दाव्यासाठी जे दाखले दिले जातात, तेच एकेक करून बघू.

‘अ‍ॅरिझोनात हॉकी चालणंच शक्य नव्हतं.’ अ‍ॅरिझोनातला संघ होता फिनिक्सचा, आणि फिनिक्स हे लोकसंख्येनं अमेरिकेतलं पाचवं मोठं शहर, म्हणजे ‘लहान बाजारपेठ’ हा शब्दच इथं लागू नाही. कायोटीज या तिथल्या संघाचं अरिना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम, 2003 मध्ये उघडलं ते पार पश्चिमेला, ग्लेनडेल या उपनगरात. महागडी तिकिटं परवडणारा बराचसा प्रेक्षक राहतो पूर्वेला, स्कॉट्सडेलच्या बाजूला. आठवड्याच्या मधल्या वारी, ऑफिस सुटल्यावर, ऐन गर्दीत अख्खं शहर ओलांडून सामना गाठायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. किती जण वर्षभर हे करतील? 2009 मध्ये मालक जेरी मोयेस यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, मग चार वर्षं लीगलाच संघ सांभाळावा लागला. पुढं मालक म्हणून अ‍ॅलेक्स मेरुएलो आले. त्यांच्या काळात, डिसेंबर 2021 मध्ये, कर थकल्यामुळे ‘भरा, नाहीतर अरिनाची दारं बंद’ असं ग्लेनडेल शहराला बजावावं लागलं. पुढच्या हंगामापासून संघ खेळला विद्यापीठाच्या सुमारे 5,000 खुर्च्यांच्या रिंकवर. 2024 मध्ये सगळे खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. ते शहर फिनिक्सपेक्षा कितीतरी लहान आहे! आणि या व्यवहारात मेरुएलो यांच्या पदरात सुमारे 100 कोटी डॉलर पडले. याला पदरमोड म्हणत नाहीत.

‘ऑटवात खुर्च्या रिकाम्या असायच्या.’ असायच्या, खरं आहे. पण 2018 मध्ये कॅनडातल्या या शहराच्या चाहत्यांनी वर्गणी काढून शहरात फलक लावले होते, मालक युजीन मेल्निक यांनी संघ सोडावा म्हणून. हॉकीची पर्वा नसलेलं गाव असल्या फलकांसाठी खिशात हात घालत नाही. 2023 मध्ये हाच संघ 95 कोटी डॉलरला विकला गेला.

‘विनिपेग आणि क्यूबेकचे संघ गेलेच ना?’ या दाखल्यात मात्र तथ्य आहे. 1995 मध्ये क्यूबेकचा संघ अमेरिकेत गेला, 1996 मध्ये विनिपेगचा. तिकिटाचे पैसे यायचे कॅनडाच्या घसरलेल्या डॉलरमध्ये, खेळाडूंचे पगार जायचे अमेरिकी डॉलरमध्ये, आणि पगारावर कमाल मर्यादा नव्हती. मालक आणि खेळाडूंच्या पगारवादात 2004-05 चा अख्खा हंगाम टाळेबंदीत गेल्यावर ती मर्यादा आली. 2011 मध्ये विनिपेगला पुन्हा संघ मिळाला तेव्हा 13,000 हंगामी तिकिटं, म्हणजे अख्ख्या हंगामाची एकत्र तिकिटं, बघता बघता संपली. शहर काही मधल्या काळात महानगर झालं नव्हतं. बदलले होते ते लीगचे नियम, आणि या वेळी पाठीशी स्थानिक, पैसेवाले मालक होते. 2023 पर्यंत तिथली हंगामी तिकिटं बरीच घटली होती, आणि मालक चांगले असूनही घटली होती. म्हणजे बाजारपेठेचा भार असतोच. पण त्या भारानं दिवाळं निघालेलं नाही.

‘मोठ्या शहरात असं होत नाही.’ न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाचं 1997 आठवावं. जॉन स्पॅनो नावाच्या माणसानं 16.5 कोटी डॉलरला संघ घेतला आणि नंतर कळलं की त्याच्याकडे पैसाच नव्हता. पुढं तो फसवणुकीसाठी तुरुंगात गेला. एवढ्या मोठ्या बाजारपेठेत लीगनं त्याला मालक म्हणून मंजूर केलंच कसं?

राहिली गोष्ट शहरानं हात सैल करण्याची. ग्लेनडेलनं तेही करून बघितलं. संघ लीगच्या ताब्यात असताना दोन हंगाम दर वर्षी 2.5 कोटी डॉलर दिले, नंतरच्या मालकांशी अरिना चालवण्यासाठी वर्षाला 1.5 कोटींचा करार केला. हा पैसा तिथल्या करदात्यांचा होता. 2023 मध्ये फिनिक्सजवळच्याच टेंपीत कायोटीजच्या नव्या अरिनासाठी मतदान झालं, तेव्हा लोकांनी नकार दिला. त्या मतदारांना हॉकीचे शत्रू म्हणणाऱ्यांनी ग्लेनडेलचा हिशेब आधी वाचावा.