आधी कान तर तपासा!

"मुलगे उशिराच बोलतात. याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." दोन वर्षांचं लेकरू बोलत नाही म्हणून आईनं काळजी बोलून दाखवली की ठरलेलं उत्तर. शेजारीण म्हणते, सासूबाई म्हणतात, ते एक वेळ समजू शकते. पण डॉक्टरही "थांबा, बोलेल" म्हणतात तेव्हा डोकं फिरतं. अहो, त्याला ऐकू येतंय का, ते कुणी बघितलं?

नवजात बाळाची श्रवण चाचणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते. दुखत नाही, टोचत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू, असा जगभर मानलेला क्रम आहे. आणि आपण चौथ्या वाढदिवसाची वाट बघतो! भाषा पकडण्याची सगळ्यात मोलाची वर्षं असतात हो ती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांमधले दोष वेळीच ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, मोफत उपचार. योजना चांगलीच आहे. पण मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून, कडेवर पोर घेऊन आलेल्या बाईला खिडकीतून ऐकू येतं, "स्पीच थेरपिस्टची जागा रिकामी आहे, पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यातही तेच. ती जागा भरा ना! आणि भरेपर्यंत निदान आदल्या दिवशी एक फोन करा, तिचा नंबर तुमच्याच रजिस्टरमध्ये लिहिलेला आहे.