मँचेस्टरला जाताय? मग गिरणीत नको, शेठजींच्या उपनगरात राहा

ओळखीतलं कुणी इंग्लंडच्या सहलीचा आराखडा दाखवायला पाठवलं की मी आधी मँचेस्टरपुढे काय लिहिलंय ते बघते. बहुतेक वेळा 'एक दिवस' एवढंच असतं. सकाळी लंडनहून गाडी, फुटबॉलच्या मैदानाबाहेर फोटो, कुठेतरी जेवण आणि संध्याकाळी पुढच्या गावाला. राहत का नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अगं, हॉटेलं फार महाग आहेत तिथे."

महाग आहेत, खरं आहे. पण कुठली महाग आहेत ते जरा बघा.

शहराच्या मध्यात पीटर स्ट्रीटवर फ्री ट्रेड हॉलची जुनी दर्शनी भिंत अजून उभी आहे. तिच्या मागे आज आलिशान हॉटेल आहे. ही जागा म्हणजे पूर्वीचं सेंट पीटर्स फील्ड. १६ ऑगस्ट १८१९ ला मताचा हक्क मागायला हजारो माणसं इथे जमली होती, बायका-मुलांसकट. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं. पीटरलूचं हत्याकांड म्हणतात ते हेच. पुढे त्याच जागेवर हा हॉल बांधला गेला. ३१ डिसेंबर १८६२ ला तिथे गिरणी कामगारांची सभा झाली. अमेरिकेत यादवी चालू होती, दक्षिणेची बंदरं अडवलेली, कापूस येत नव्हता, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या बंद आणि कामगारांच्या घरी चुली थंड. तरीही त्या सभेने गुलामगिरीच्या विरोधात लिंकनला पाठिंबा कळवला. लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला त्यांना उलट पत्र लिहिलं. त्याचा पुतळा आजही शहरात आहे आणि त्या पत्रातला मजकूर चौथऱ्यावर कोरलेला आहे. (त्याच काळात मुंबईचे कापूस व्यापारी रातोरात गब्बर झाले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तितक्याच वेगाने कोसळले. एका बंद गिरणीचा धूर दुसऱ्या शहरात निघतो तो असा.)

पोर्टलंड स्ट्रीटवरचं वॉट्स वेअरहाउस, कापडाचं गोदाम असूनही एखाद्या राजवाड्यासारखं बांधलेलं, तेही आता हॉटेलच. अँकोट्समध्ये रॉचडेल कालव्याला लागून मरे बंधूंच्या गिरण्या आहेत. त्यातली जुनी गिरणी १७९८ सालची, वाफेवर चालणारी. आज तिथे फ्लॅट आहेत, आणि आसपासच्या कॉफीच्या दुकानांत बसायला जागा मिळत नाही. उघड्या विटा, लोखंडी खांब, उंच खिडक्या. खोलीच्या जाहिरातीत या सगळ्याचे वेगळे पैसे लागतात.

म्हणजे जिथे कामगार राबले, राहिले, खोकून मेले, तिथे राहणं आज सगळ्यात महाग. आणि जिथे गिरणीमालक, बँकवाले, सूत-कापसाचे दलाल धुरापासून लांब पळून बंगले बांधून राहिले, त्या उपनगरांत आज स्वस्त गेस्टहाऊस सापडतात. शहराची अशी उलटापालट मला फार कमी ठिकाणी दिसली आहे. मुक्काम ठरवताना तिचा फायदा घ्या, एवढंच मला सांगायचंय.

कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगेल्स १८४२ मध्ये मँचेस्टरला आला, वडिलांची भागीदारी असलेल्या गिरणीच्या कचेरीत काम करायला. त्याने एक गोष्ट नेमकी टिपली होती. शहरातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना दुकानांची अशी सलग रांग होती, की उपनगरातला व्यापारी रोज त्याच रस्त्याने कामावर जायचा-यायचा आणि मागच्या गल्ल्यांतली घाण आणि दारिद्र्य त्याच्या नजरेलाही पडायचं नाही. आजचा एका दिवसाचा पर्यटक अगदी तेच करतो. स्टेशन, बाजारपेठ, स्टेडियम. दुकानांच्या मागे काय आहे ते बघायला वेळच नसतो. तो वेळ विकत घ्यायचा तर रात्री वाढवाव्या लागतात, आणि रात्री वाढवायच्या तर खोली साधी घ्यावी लागते.

(एंगेल्सचं मुक्कामाचं नियोजन आपल्यापेक्षा वरचढ होतं, हे जाता जाता सांगते. धंद्यातल्या मंडळींना बोलवायला एक सभ्य बिऱ्हाड आणि मेरी बर्न्स या आपल्या जोडीदारणीबरोबर खरं राहायला दुसरं. आपल्याला एकाचंच भाडं परवडतं.)

वॉली रेंज हा भाग सॅम्युअल ब्रुक्स नावाच्या बँकवाल्याने १८३० च्या दशकात वसवला. व्हिक्टोरिया पार्कही त्याच दशकातला. तिथे तर वेशीवर फाटकं होती, टोल घ्यायचे, म्हणजे ऐऱ्यागैऱ्याने आत येऊ नये. आज त्या बंगल्यांत विद्यार्थी राहतात, दवाखाने आहेत, काहींचे फ्लॅट झालेत, आणि अधूनमधून एखादं गेस्टहाऊस. चॉर्ल्टन, फॅलोफील्ड, ओल्ड ट्रॅफर्ड, नदीपलीकडचं सॅल्फर्ड इथेही शोधा.

अशाच एका जुन्या बंगल्यात मी राहिले आहे. सगळ्यात स्वस्त खोली अर्थातच छपराखालची. तीन जिने चढून गेलं की छत इतकं उतरतं, की खिडकीशी वाकूनच जायचं. मालकीणबाईंनी सांगितलं, ही पूर्वी घरकाम करणाऱ्या मुलींची खोली. शेठजींच्या उपनगरात राहायचं म्हणजे शेठजींसारखं राहायचं, अशा भ्रमात राहू नका. बजेट आपलं, त्यामुळे खोलीही मोलकरणीचीच. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. गुडघे धरणाऱ्यांना वाटेल. लिफ्ट नसते, आणि जाहिरातीत 'लिफ्ट नाही' हे कुणी ठळक लिहीत नाही. खोली कितव्या मजल्यावर, हे ईमेल करून विचारा. आईवडील बरोबर असतील तर तळमजलाच मागा, मिळत नसेल तर दुसरं घर बघा.

न्हाणीघराचंही तसंच. 'एन-स्वीट' म्हणजे खोलीला जोडलेलं. 'प्रायव्हेट' लिहिलं असेल तर ते तुमच्या एकट्याचं असतं, पण व्हरांड्याच्या पलीकडे असू शकतं. रात्री दोनला थंडीत चालत जायची तयारी हवी. 'शेअर्ड' म्हणजे काय ते सांगायला नको. दिव्याचं बटण शोधत बसू नका, छतातून लोंबणारी दोरी ओढा. आंघोळीचा शॉवर विजेवर चालणारा असेल तर त्याचीही एक वेगळी दोरी असते, ती ओढल्याशिवाय गरम पाणी नाही. प्लग तीन चपट्या पायांचा, आपला बसत नाही, अॅडॉप्टर घरूनच न्या. किटली मात्र बहुतेक खोलीत असतेच.

रिसेप्शन चोवीस तास चालू राहील असं धरून चालू नका. छोट्या गेस्टहाऊसमध्ये मालकच सगळं बघतात आणि रात्री झोपतात. रात्री उशिराचं विमान असेल तर आधी कळवा. मग दाराचा कोड पाठवतात. पासपोर्टचा क्रमांक आणि पुढे कुठे जाणार हे विचारलं तर बिचकू नका. परदेशी पाहुण्यांची ही नोंद ठेवायचा तिथे १९७२ पासून नियम आहे. नाश्त्यात मांस नको असेल तर आदल्या दिवशी सांगा. टोस्ट, मश्रूम, भाजलेला टोमॅटो, बीन्स यावर सकाळ निघते, आणि मालकीणबाई प्रेमळ असतील तर दुपारही.

आता तारखा. यात माणसं सगळ्यात जास्त फसतात, कारण या शहराचे दर ऋतूवर कमी आणि कार्यक्रमांवर जास्त हलतात. दोन मोठे फुटबॉल क्लब, दोन प्रचंड बंदिस्त संगीतगृहं, उन्हाळ्यात क्रिकेट, जुलैत विद्यापीठाचे पदवीदान समारंभ, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळचे बाजार. एखाद्या शनिवारी मोठा सामना आणि मोठा गायक एकत्र आले की छपराखालच्या खोलीलाही शेठजींचा भाव येतो. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी सामन्यांचं वेळापत्रक उघडा. जमलं तर रविवार ते बुधवार-गुरुवार राहा. पण संग्रहालयंही आठवड्याच्या सुरुवातीला काही दिवस बंद असतात, तेव्हा प्रत्येकाच्या वेळा तपासून मगच ठरवा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नका, मग दहा टक्के सूट असो की वीस.

मध्यवर्ती भागातल्या मोठ्या हॉटेलांत २०२३ पासून दर खोलीमागे दर रात्री १ पौंडाचं पर्यटक शुल्क आहे. उपनगरातल्या छोट्या घरांना ते लागत नाही. रक्कम किरकोळ आहे, पण बिलावर दिसली तर भांडू नका म्हणून सांगितलं.

जागा निवडताना नकाशावर 'शहराच्या मध्यापासून किती मैल' हे बघण्यापेक्षा ट्रामचा थांबा किंवा विल्म्सलो रोडसारखा मोठा बसचा रस्ता किती पावलांवर आहे ते बघा. विल्म्सलो रोडवर बसची रीघ असते, शिवाय रशोममधला करी माइल, म्हणजे आपल्याकडच्या जेवणाच्या हॉटेलांची रांग, त्याच रस्त्यावर, म्हणजे रात्रीच्या पोळी-डाळीची काळजी मिटली. मध्यवर्ती भागात फिरायला दोन फुकट बसमार्ग आहेत. ज्यांना कालव्याकाठीच राहायचंय आणि बंक बेड चालतो, त्यांनी कॅसलफील्डमधलं युवा वसतिगृह बघावं. जागा म्हणाल तर त्याला तोड नाही.

कारण कॅसलफील्डला पोचलात की सगळं सुरू कसं झालं तेच समोर दिसतं. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा आणायला खोदलेला ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. जवळच लिव्हरपूल रोड स्टेशन. १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिचं हे टोक. प्रवासी रेल्वेचं इतकं जुनं अखेरचं स्टेशन जगात दुसरं उरलेलं नाही. आता ते विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाचा भाग आहे. तिथे प्रवेश फुकट. पीपल्स हिस्ट्री म्युझियम, कामगार चळवळीचे भरजरी झेंडे जपणारं, तेही फुकट. डीन्सगेटवरचं जॉन रायलंड्स ग्रंथालय, १९०० मध्ये उघडलेलं, एका कापडसम्राटाच्या विधवेने त्याच्या नावाने बांधलेलं, फुकट. खोलीवर कंजुषी करा म्हणते ती यासाठी. या शहरात बघण्याला फारसे पैसे लागत नाहीत, दिवस लागतात.

चेटम्स ग्रंथालय मात्र आधी बुकिंग करून, मार्गदर्शकाबरोबर, तिकीट काढून. १६५३ सालचं आहे ते. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगेल्स जिथे वाचत बसले तो खिडकीतला कोपरा आणि ते टेबल दाखवतात. माझ्या मते तिकिटाचे पैसे वसूल.

रॉयल एक्स्चेंज या जुन्या कापूस बाजारात आज नाट्यगृह आहे. मध्यंतराची वाट बघू नका, दिवसा दालन उघडं असेल तेव्हा आत जाऊन वर बघा. १९६८ मध्ये कापूस बाजाराचा शेवटचा दिवस संपला, त्या दिवसाचे भाव अजून फलकावर तसेच आहेत. ज्यांच्या घरातलं कुणी गिरणीच्या साळखात्यात (विणकामात) किंवा त्रासन खात्यात (सूतकताईत) होतं, त्यांनी तर हे चुकवू नयेच.

अँकोट्समध्ये कॉफी पिऊन परतू नका. व्हिक्टोरिया स्क्वेअर शोधा. १८९४ मध्ये पुरी झालेली, शहराच्या नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली पहिली घरं. मध्ये चौक, चारी बाजूंनी मजले, आपल्या चाळीचा चौकच जणू. लोक अजून राहतात, तेव्हा आत घुसून फोटो काढू नका.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी: १४ ऑगस्ट १९९० ला सचिनने कसोटीतलं पहिलं शतक ठोकलं ते क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड. ट्रामचा थांबा मैदानाला खेटून आहे. फुटबॉलचं मैदान थोडं पुढे, पर्यटकांची बस तिकडे जाते.

पावसाची भीती घालतील. इथे वर्षभरात पडतो तो पाऊस मुंबईच्या निम्माही नाही, पण तो वर्षभर पडतो, बारीक, चिवट. सुताला ही दमट हवा मानवते, धागा तुटत नाही; लँकेशायरमध्ये गिरण्या फोफावल्या त्याचं हेही एक कारण. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं.

शेवटचा दिवस क्वॉरी बँकसाठी ठेवा. विमानतळाजवळ स्टाइल गावात ही १७८४ ची सूतगिरणी आहे, पाणचक्कीवर चालणारी. तिथे माग चालवून दाखवतात. एक धोटा सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग अशा शेकडो मागांच्या खोलीत बारा-बारा तास काय होत असेल ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. वर्कहाऊसमधून, म्हणजे निराधारांच्या गरीबखान्यांतून, आणलेल्या मुलामुलींना ठेवायचे ते घरही बाजूलाच आहे, फेरीबरोबर आतून बघता येतं. इथे तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. खोलीत वाचवलेले पौंड इथे खर्च करा.