एलईडी होर्डिंगवरचे काळे पट्टे आणि १/५० चं शटर

चौकातलं एलईडी होर्डिंग डोळ्यांना झकास दिसतं, मोबाइलच्या व्हिडिओत मात्र त्यावर काळे पट्टे सरकतात. खाली कमेंट ठरलेली: बोर्ड बिघडलाय, नाहीतर फोन स्वस्तातला आहे. बहुतेकदा दोन्ही खोटं. शॉर्टफिल्मवाल्या मंडळींनी तर या पट्ट्यांना ‘शहराचं टेक्स्चर’ म्हणायला सुरुवात केली आहे. मुद्दाम केलं असेल तर हरकत नाही, पण सहसा शटर (एका फ्रेमसाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो ते) चुकलेलं असतं आणि ते एडिटला बसल्यावर कळलेलं असतं.

मुळात या बोर्डातले सगळे दिवे एका वेळी पेटलेलेच नसतात. नेहमीचं पी-१० मॉड्यूल घ्या. ३२० बाय १६० मिमी, त्यात ३२ बाय १६ पिक्सेल, दोन पिक्सेलांत १० मिमी अंतर. वन-बाय-फोर स्कॅन असेल तर त्याच्या १६ ओळींपैकी कुठल्याही क्षणी चारच चालू असतात. ब्राइटनेससुद्धा भराभर उघडझाप करूनच कमी-जास्त केला जातो. हे पूर्ण चक्र स्वस्त बोर्डात सेकंदाला ९६० वेळा होतं, बऱ्या बोर्डात १९२० किंवा ३८४० वेळा. डोळा त्याची सरासरी काढतो. मोबाइलचा सेन्सर मात्र चित्र ओळीओळीने टिपतो. शटर १/२००० सेकंद असेल तर ९६० हर्ट्झच्या बोर्डाचं जेमतेम अर्धं चक्र एकेका ओळीच्या वाट्याला येतं. कुठे उजेड, कुठे अंधार, की पट्टा तयार. फोन आडवा धरला तर पट्टे साधारण आडवे येतात, उभा धरला तर उभे. दोष बोर्डात असता तर फोन फिरवल्याने पट्ट्यांची दिशा बदलली नसती. लोकलच्या डोक्यावरच्या इंडिकेटरचा फोटो फास्ट शटरने काढल्यावर अर्धी अक्षरं गायब होतात, तीही याच कारणाने.

आता गंमत बघा. रात्री फोन अंधारा रस्ता बघून शटर आपोआप संथ ठेवतो. पट्टे नसतात, पण होर्डिंग पांढरंफटक जळतं. मग आपण होर्डिंगवर बोट टेकवतो. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा बदलता येत नाही, त्यामुळे उजेड कमी करायला तो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, खाली आणतो आणि शटर वेगवान करतो. जाहिरात वाचता येते आणि पट्टे हजर होतात. म्हणजे ‘नीट एक्स्पोज’ करण्याच्या नादात दुखणं आपणच ओढवून घेतो.

उपाय असा. व्हिडिओचा प्रो मोड किंवा मॅन्युअल कंट्रोल देणारं अ‍ॅप उघडा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ सगळ्यात कमी, व्हाइट बॅलन्स लॉक. तरीही बोर्ड जळत असेल तर शटरला हात लावू नका. लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, चढवा. एनडी-८ म्हणजे तीन स्टॉप, एनडी-१६ म्हणजे चार; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. १/५० सेकंदात ९६० हर्ट्झच्या बोर्डाचीही १९ पूर्ण चक्रं बसतात, उरलेल्या तुकड्याने पडणारा फरक दिसत नाही. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० त्यांनाही चालतं. ३० फ्रेमवर शूट करणार असाल तरी शटर १/५०च ठेवा, १/६० नको. ६० फ्रेमला १/१००. सिनेमा कॅमेऱ्यात शटर अंशांत मोजतात (शटर अँगल); तिथे २४ फ्रेमला नेहमीचा १८० नाही, १७२.८ अंश ठेवा, म्हणजे १/५०च.

स्लो मोशनचं मात्र काही खरं नाही. १२० फ्रेमला शटर जास्तीत जास्त १/१२० मिळतं आणि ट्यूबची एक उघडझाप १/१०० सेकंदाची. चक्र पुरं होतच नाही, म्हणून पानटपरीचा उजेड धडधडतो. कॅमेऱ्यात १०० फ्रेमची सोय असेल आणि शटर पूर्ण १/१०० उघडं ठेवता आलं तर निभावतं.

पट्टे गेले तरी इंद्रधनुषी जाळी उरू शकते. तिचा शटरशी संबंध नाही. बोर्डाच्या पिक्सेलांची जाळी सेन्सरच्या जाळीवर पडली की ती उमटते. दोन पावलं मागे-पुढे व्हा, कोन थोडा बदला, नाहीतर फोकस होर्डिंगवरून काढून पुढच्या माणसावर आणा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसणारी जाळी कधी कधी त्या स्क्रीनपुरतीच असते, म्हणून शंभर टक्के झूम करून तपासा.

आणि कृपा करून ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे एडिटिंगमध्ये सुधारू, म्हणू नका. लुकलुक घालवणारं डिफ्लिकर प्लगइन पूर्ण फ्रेमचा उजेड बऱ्यापैकी सारखा करतं. पट्ट्याखालची जाहिरात मात्र कॅमेऱ्यात आलेलीच नसते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

थोडं बोर्डवाल्यांविषयी. कोटेशनमध्ये पिच (दोन पिक्सेलांतलं अंतर) आणि ब्राइटनेस ठळक छापतात, रिफ्रेश रेट, म्हणजे वरचं ९६० किंवा ३८४०, विचारला की ‘साठ हर्ट्झ आहे ना’ असं उत्तर येतं. साठ हा चित्र बदलण्याचा वेग, दिव्यांच्या उघडझापीचा नव्हे. आज जाहिरात चौकात जितकी बघितली जाते, तितकीच लोकांच्या रील्समध्येही मागे दिसत असते. तिथे ब्रँडच्या नावावर पट्टा पडत असेल तर पैसे भरणाऱ्याने तक्रार करायलाच हवी. काळ्या पार्श्वभूमीच्या जाहिराती सगळ्यात जास्त मार खातात, कारण गडद छटांमध्ये दिवा फारच थोडा वेळ पेटतो. रात्री ब्राइटनेस उतरवला की त्यात भरच.

करार करण्याआधी अंधार पडल्यावर बोर्डासमोर जा, प्रो मोडमध्ये शटर १/१००० करा आणि गडद जाहिरात लावायला सांगा. पट्टे ठळक दिसले तर टेक्निशियनला रिसिव्हिंग कार्डचं (बोर्डातल्या मॉड्यूल्सना चित्र पोचवणाऱ्या सर्किटचं) सेटिंग उघडायला लावा. बऱ्याचदा रंगछटा जास्त मिळाव्यात म्हणून रिफ्रेश खाली ठेवलेला असतो, तो थोड्या छटा सोडून वाढवता येतो. दिवे चालवणारी चिप, म्हणजे ड्रायव्हर आयसीच हलकी असेल तर सेटिंगने फार फरक पडत नाही, मग भाव पाडून मागा.