सात लक्षणांत आमचं घर नापास

मे महिन्यातला शनिवार, रात्रीचे साडेआठ. गुहागरला आमच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, एक गाडी थांबली. नाशिकहून निघालेलं कुटुंब, मागच्या सीटवर दोन पोरं पेंगलेली. गृहस्थांनी मोबाईल पुढे केला. फोटो आमच्याच अंगणाचा, झोपाळा आमचाच, मागची पोफळीची रांगही आमचीच. नाव मात्र कुठल्याशा 'बीच व्हिला'चं, आणि नऊ हजार रुपये भलत्याच कुणाच्या खात्यात गेलेले. पाहुण्यांना भाड्याने देतो त्या आमच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. आई म्हणाली, "अहो, आधी आत तर या. पोरांना दोन घास खाऊ देत, मग बघू कोण तो."

जेवताना कळलं की गृहस्थ अजिबात बेसावध नव्हते. दर सुट्टीच्या तोंडावर सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो फॉरवर्ड त्यांनी वाचला होता आणि एकेक लक्षण तपासलंही होतं. "कोकणात रूम बुक करताय? ही सात लक्षणं तपासा, शंभर टक्के फसणार नाही!" ज्यांच्याकडे अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फोटो इंटरनेटवर दुसरीकडे सापडला तर जाहिरात खोटी. दर फार कमी असेल तर खोटी. वेबसाइटला कुलपाचं चिन्ह आणि जीएसटी नंबर असेल तर खरी. गुगल मॅपवर साडेचारच्या वर रेटिंग असेल तर खरी. मालकाने आधार कार्ड पाठवलं तर तो खरा. ॲडव्हान्स मागितला की ठग. आणि मोठ्या ॲपवर असेल तर डोळे झाकून बुक करा.

ही सातही लक्षणं जाहिरातीचा मुखवटा तपासतात, आणि मुखवटा रंगवणं हाच तर ठगाचा धंदा. शिवाय या परीक्षेत आमचं घर साफ नापास होतं. आमच्याकडे वेबसाइट नाही, जीएसटी नाही, आणि ॲडव्हान्स आम्ही घेतो.

फोटोपासून सुरुवात करू. उलट शोध, म्हणजे तोच फोटो गुगलला देऊन तो आणखी कुठे आहे ते बघणं, घ्यायला हरकत काहीच नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण चोरलेला फोटो मुळात इंटरनेटवर असला तरच तो सापडणार. आमच्या झोपाळ्याचा फोटो कुणा पाहुण्याने काढून व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवला असणार. गुगलला तो माहीतच नव्हता. गृहस्थांनी शोधला, काही मिळालं नाही, म्हणजे फोटो अस्सल, असा त्यांनी अर्थ लावला. फोटो अस्सलच होता हो, लावणारा नकली होता. याच्या उलट आमच्या शेजाऱ्यांची गंमत. त्यांच्या पुण्याच्या भाच्याने पेज करून दिलं आणि वर समुद्राचा फोटो टाकला तो नेटवरून उचललेला. का, तर "आपल्या समुद्राचा नीट येत नाही." घर खरं, काका खरे, जेवण तर फारच खरं, फॉरवर्डच्या हिशोबात मात्र ते ठग.

फोटो आणि मजकूर बघायचाच तर कोकणच्या नजरेने बघावा. 'खिडकीतून समुद्रातला सूर्योदय' असं लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याने हा किनारा पाहिलेला नाही. इथे सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो तो डोंगराच्या बाजूने. जुलैच्या पॅकेजमध्ये मालवणचं स्कूबा किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याची बोटफेरी फुकट असेल तर ती फुकटच राहणार, कारण पावसाळ्यात दोन्ही बंद असतात. यातलं काहीच पक्का पुरावा नाही, भाचा इथेही असू शकतो. पण पुढे दोन प्रश्न जास्त विचारायला एवढं पुरे.

दराबद्दल लांबण लावत नाही. मे महिन्यात मिळते त्याच्या निम्म्या दराने आमच्याकडे जुलैत खोली मिळते, तीही जेवणासकट. आणि नाशिककरांना सांगितलेला दर आमच्यापेक्षा जेमतेम दोनशेने कमी होता. फार स्वस्त सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकतं, हे ठगालाही कळतं.

कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, याबद्दल ते कुलूप काहीच सांगत नाही. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ठगालाही मिळतं. जीएसटी नंबर म्हणजे १५ अक्षर-अंक, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. कुठल्याही हॉटेलच्या बिलावरून तो उतरवून घेता येतो. दिलाच असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, नाव आणि पत्ता निघतो. तो नंबर चिपळूणच्या हार्डवेअर दुकानाचा निघाला तर पुढचं बोलायला नको. पण नंबर नाही म्हणून घर खोटं, हे कुठलं गणित? सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. दोन खोल्यांतून आणि आईच्या मोदकांतून २० लाख होत असते तर मी हे लिहीत बसलो नसतो.

आता गुगल मॅप. या लक्षणावर लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास, म्हणून इथे जरा थांबतो. मॅपवर एखाद्या जागेची माहिती बदलायची सूचना कुणालाही करता येते, फोन नंबरसुद्धा. खरं घर, खरे फोटो, वर्षानुवर्षांच्या खऱ्या पाहुण्यांचे खरे रिव्ह्यू, आणि मध्ये फक्त नंबर ठगाचा, असं होऊ शकतं आणि झालेलं आहे. तिथे ४.६ रेटिंग बघून तुम्ही ज्याला फोन लावता त्याने त्या घरात कधी पाऊलही ठेवलेलं नसतं. म्हणून रिव्ह्यू वाचायचे तर 'सर्वात नवीन' असे लावून वाचा. 'पैसे घेतले, फोन बंद' असं कुणी लिहिलं असेल तर ते वरच दिसेल. एरवी जुन्या कौतुकाखाली दबून जातं. फेसबुक पेज असेल तर त्याच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' नावाचा भाग असतो: पेज कधी सुरू झालं, आधीची नावं काय होती, सगळं तिथे दिसतं. नाशिककरांना मी त्याच रात्री ते उघडून दाखवलं. 'बीच व्हिला'चं पेज दोन महिन्यांपूर्वी मोबाईल कव्हर विकत होतं. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.

जाता जाता एक. मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं, रत्नागिरी जिल्ह्यात. एकाचं बुकिंग करून दुसऱ्यात पोचलेले आणि मालकाला फोनवर ठग म्हणणारे लोक मी पाहिलेत. तिथे बिचारा मालक काय करणार.

आधार कार्डाचं लक्षण तर उलटं वाचावं. खरा घरमालक आपलं आधार कार्ड अनोळखी माणसाला पाठवायला कचरतो, कचरायलाच हवं. न मागता झटकन आधार किंवा फौजी ओळखपत्राचा फोटो टाकणारा मात्र बहुतेक वेळा आधी फसलेल्या कुणाचं तरी कार्ड पुढे ढकलत असतो.

ॲडव्हान्सवर आमचा जीव का तुटतो ते सांगतो. मागच्या डिसेंबरात नाताळच्या आठवड्यात सहा जण यायचे होते, ॲडव्हान्स न घेता शब्दावर खोल्या ठेवल्या. आईने सकाळी सुरमई आणली, नारळ खवले, सोलकढी केली. दुपारी तीनला फोन लावला तर "आम्ही दिवेआगरलाच थांबलो." चार ठिकाणी सांगून ठेवायचं आणि आवडेल तिथे उतरायचं, ही पद्धत झालीय. त्यामुळे मे महिना, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांत किनाऱ्यावर बहुतेक कुणीच ॲडव्हान्सशिवाय खोली धरून ठेवत नाही. ॲडव्हान्स मागणारा ठग मानलात तर राहायला एसटी स्टँड उरेल.

पैसे कसे मागतात, याच्याकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. पाठवण्याआधी फोनवर विचारा, "नाव कुणाचं येईल?" आमच्याकडे आईचं येतं आणि आम्ही ते आधीच सांगतो. मालक एक आणि खातं बायकोचं किंवा मुलाचं, हे कोकणात सर्रास आहे, त्याने बिचकू नका. पण विचारल्यावर उत्तर अडखळलं, किंवा "अकाउंटंटचं खातं आहे" म्हणत कुणा परप्रांतीयाचं नाव आलं, तर तिथेच थांबा. ॲडव्हान्स म्हणजे काही भाग, बाकी आल्यावर. आख्खी रक्कम आधी मागितली तर कारण विचारा.

नाशिककरांचे नऊ हजार एकदम गेले नव्हतेच. तीन हजार गेले. मग, "सर, बुकिंग कोड जनरेट झाला नाही, परत तेवढेच टाका, जास्तीचे आपोआप परत येतील." ते टाकले. तिसरे त्या दिवशी सकाळी, सिन्नरच्या पुढे चहाला थांबले असताना. आणि दुपारी, "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." तिथे त्यांना शंका आली. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. पिन टाकला की पैसे जातातच. तोपर्यंत अर्धा रस्ता झाला होता, आणि बायको म्हणाली, घर तरी बघू.

शेवटचं लक्षण, मोठं ॲप. यात तथ्य आहे, पण अर्धं. एअरबीएनबीसारख्या ॲपवर यजमानाला पैसे सोडतात ते पाहुणा पोचल्यानंतर साधारण २४ तासांनी, म्हणून घरच नसेल तर तक्रारीला वाव राहतो. हे संरक्षण पैसे ॲपमध्येच भरले तर. "कमिशन वाचवू, थेट पाठवा, पाचशे कमी घेतो," असं म्हणून तुम्हाला बाहेर काढलं की ते संपलं. आता खरं बोलायचं तर जुन्या पाहुण्यांना आम्हीही म्हणतो, थेट फोन करा. पण पहिल्या खेपेला ॲपवर आलात तर पैसेही ॲपवरच भरा, आम्ही रुसणार नाही.

मग तपासायचं काय? माणूस तिथला आहे का, एवढंच, आणि तेही त्याने दिलेल्या नंबरवरून नाही. मॅपवर त्या घराच्या आसपासचं किराणा दुकान, खानावळ किंवा मेडिकल शोधा आणि तिथे फोन लावा. "तुमच्या शेजारी अमुक यांच्याकडे रूम मिळतात ना? त्यांचा नंबर हाच ना?" कोकणात हे कळायला अर्धं मिनिट लागतं, वर त्यांच्याकडे सध्या कुणाचं लग्न आहे हेही कळतं. मालकाला विचारायचंच तर रस्ता विचारा. दापोलीकडून गुहागरला कसं यायचं? आमच्याकडचा माणूस दाभोळ-धोपावे फेरीबोट सांगेल, शेवटची फेरी चुकवू नका म्हणून दम देईल, आणि मग व्याडेश्वराच्या देवळापासून वरच्या पाटाला की खालच्या पाटाला, म्हणजे गावाच्या कुठल्या भागात, ते सांगेल. ठग म्हणेल, "सर, लोकेशन टाकतो." व्हिडिओ कॉल मागा, पण "रेंज नाही" हे उत्तर इथे खरंही असतं. त्यावरून निकाल देऊ नका, संध्याकाळी परत मागा.

त्या रात्री ओटीवर बसून आम्ही १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. जितकं लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात सरकणारी रक्कम अडवायची शक्यता जास्त. तिन्ही व्यवहारांचे यूपीआयचे १२ आकडी क्रमांक आणि वेळा हाताशी असल्या की काम पटकन होतं, म्हणून चिडून चॅट उडवू नका. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पाहुणे माजघरात गाद्या घालून झोपले. सकाळी आईने त्यांच्याकडून फक्त जेवणाचे पैसे घेतले, तेही त्यांनी हट्ट केला म्हणून.

झोपाळ्याची कडी पुढच्याच पावसात तुटली, तो आता अंगणात नाही. आता कुणी फोनवर "तो झोपाळा आहे ना?" असं विचारलं की आम्ही दर सांगायच्या आधी विचारतो, फोटो कुठे पाहिलात, आणि पैसे कुणाला पाठवले नाहीत ना अजून?