‘क्रिट आहे, पडणारच’ म्हणणाऱ्यांनो

क्रिटमध्ये, म्हणजे छोट्या बंद रस्त्यावर फेऱ्या मारायच्या सायकल शर्यतीत, कुणी आपटलं की दोन मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘अरे, क्रिट आहे, पडणारच.’ डोकं फिरतं हे ऐकून. त्यातून हे बोलणारा बऱ्याचदा तोच असतो, ज्याच्यामुळे मागचे चार जण डांबरावर घासत गेलेले असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पुढचा आडवा सरकतो, त्याच्या मागच्या चाकाला मागच्याचं पुढचं चाक लागतं आणि पडतो मागचा. पुढच्याला जरासा हिसका बसतो, तेवढंच. तो बघतही नाही. बघायला मान वळवली की हँडलही त्याच बाजूला वळतं आणि तो पुन्हा आडवा सरकतो, ही आणखी एक गंमत.

पायांत ताकद नाही अशी तक्रार नाहीच. सगळ्यात खालच्या गटातसुद्धा लोकांना स्वतःचे वॅट तोंडपाठ असतात. 50 मिलिमीटर खोल कार्बनची चाकं आहेत, चाकाच्या मध्यभागी शिट्टीसारखा आवाज करणारं हब आहे. वळणात मात्र सायकल कुठे जाणार याचा त्या माणसालाच पत्ता नाही, मग शेजारच्याला कुठून असणार?

वळणाचंच घ्या. सहा मीटर रुंद रस्ता, काटकोनात वळण, दोन-दोनच्या जोडीने बंच, म्हणजे स्वारांचा घोळका, चाललाय. सगळ्यांचे हात हूड्सवरून, म्हणजे हँडलच्या वरच्या पकडीवरून, खालच्या वळलेल्या भागावर, ड्रॉप्सवर आलेत, सरळ रस्त्यावरच ब्रेक मारून मोकळे झालेत, बाहेरचा पाय खाली. तेवढ्यात एक महाभाग आतल्या कडेला मोकळी दिसणारी फूटभर जागा बघतो आणि ब्रेक न मारता घुसतो. ती जागा मोकळी असते कारण तिथून त्या वेगाने वळताच येत नाही! ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. बाहेरून आत येणाऱ्याला समजा 15 मीटर त्रिज्येचं वळण मिळालं, तर त्याच्या टायरला साधारण 0.68 जी, म्हणजे वजनाच्या 0.68 पट, एवढी पकड लागते आणि सायकल 34 अंशांनी झुकते. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर हे जमतं. कडेकडेने घुसणाऱ्याची त्रिज्या 10 मीटर धरा, की त्याच वेगाला पूर्ण 1 जी लागतो. तेवढी पकड साध्या रस्त्यावर गृहीत धरायची नसते. मग उरतात दोनच गोष्टी. एक तर तो झुकलेल्या सायकलवर ब्रेक मारतो, की सायकल उभी राहून सरळ धावू लागते. नाही तर तो बाहेर वाहत जातो. बाहेर आधीपासून कुणीतरी असतंच. तो कुणीतरी एव्हाना कठड्यात.

हे लोक आतून का घुसतात, तेही उघड आहे. सरळ रस्त्यावर पुढे सरकायचा कंटाळा केलेला असतो, म्हणून शेपटीला असतात, आणि शेपटीला मार बसतो. वळणावर बंच हार्मोनियमच्या भात्यासारखा दबतो. पुढचे 34 वर येऊन पुन्हा 40 गाठतात, मागचे 25 पर्यंत खाली येतात. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरले तर 25 वरून 40 वर पाच सेकंदांत जायला नुसत्या वेगवाढीचे 600 वॅट लागतात, वाऱ्याचे वेगळे. पुढच्याला त्याच कामाला 275 च्या आसपास पुरतात. फेरी 1.2 किलोमीटरची, वळणं चार, शर्यत 40 मिनिटांची, म्हणजे सुमारे 22 फेऱ्या आणि 88 वेळा हा खेळ. 30 फेऱ्यांच्या ताकदीचा माणूस शेपटीला राहून 15 फेऱ्यांत संपतो आणि घरी जाऊन इंटरव्हल, म्हणजे थांबून-थांबून जोर लावायचा सराव, वाढवतो. नाचता येईना अंगण वाकडं.

पुढे जायचंय ना? मग दोन वळणांच्या मधे जा, बंच जरा सैल पडतो तेव्हा, बाजूने, एकेक चाक पकडत. दर फेरीला तीन-चार जागा कमावल्या तरी पुरतं, कारण न कमावणारा आपोआप मागे ढकलला जातो. तेही जमत नसेल तर अगदी शेवटी राहा, वळणाआधी मुद्दाम एक-दोन सायकलींची फट सोडा आणि ब्रेक न लावता वाहत जाऊन पुढच्याला वळण संपल्यावर गाठा. हा मार्ग चालतो. फक्त पुढे फट पडली तर ती भरायची जबाबदारी तुमची, आणि भरायला दुसरं कुणी नसतं.

बरं, वळणात पेडल मारणारे. आतला पेडल जमिनीला टेकला की मागचं चाक उडून बाजूला पडतं. 175 मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसून 165 वाल्याचं बघून पेडल मारायला जाऊ नका, त्याच्याकडे तुमच्यापेक्षा 10 मिलिमीटर जास्त जागा आहे.

आणि पेडलवर उभे राहणारे! उभं राहताना पायाचा दाब क्षणभर सुटला की सायकल मागे येते, चांगली 10-15 सेंटिमीटर. मागचा तेवढ्याच अंतरावर चिकटून असेल तर ती फट एका झटक्यात संपते. माणसाला प्रतिक्रिया द्यायलाच 0.2 सेकंद लागतात, तोवर चाक लागलेलं असतं. म्हणजे मागच्याने सावध असावं हा सल्ला निरर्थक आहे. तो वाचतो फक्त पुढच्याच्या सरळपणावर. एक गिअर जड करा, पाय खाली जात असतानाच उठा, दाब सोडू नका. रिकाम्या रस्त्यावर अर्ध्या तासात जमणारी गोष्ट आहे ही. गवतावर दोघांनी चालण्याच्या वेगाने कोपराला कोपर लावून चालवायचं, मुद्दाम पुढच्याच्या मागच्या चाकाला हलकेच चाक घासायचं, हेही तसंच. लागलेल्या चाकाकडे किंचित कलून सायकल सांभाळायची असते, दचकून विरुद्ध बाजूला हिसकायची नसते. हे कुणी करत नाही. लाज वाटते म्हणे.

सायकलींची तऱ्हा वेगळीच. हँडलच्या टोकाचं बूच नाही, टेप लोंबतोय. ती उघडी नळी आहे, पडताना मांडीत गोल भोक पाडते, म्हणून नियमात बूच सक्तीचं आहे. दहा पैशांची वस्तू, ती सुरुवातीच्या रेषेवर शोधायला निघतात. टायरमध्ये हवा ठासलेली, कारण कधीकाळी कुणीतरी ‘120 मार’ म्हणून सांगितलेलं. 70 किलोच्या माणसाला 28 मिलिमीटर रुंद टायरमध्ये 65 ते 75 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात, पाऊस असेल तर आणखी पाच-सात कमी. हुकलेस रिमवर, म्हणजे टायर अडकवायची आतली कड नसलेल्या रिमवर, तर 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय ही कमाल मर्यादा. त्यावर भरून वळणात टायर रिमवरून निघाला तर त्याला नशीब म्हणायचं का? आणि ओल्यात पांढरे पट्टे, मॅनहोलचं झाकण यांवर झुकायचं नाही हे सरावाच्या दोन फेऱ्यांतच बघून ठेवायचं असतं. त्या वेळेत हे फोटो काढत असतात.

फ्री लॅपचं तर पार भजं केलंय. पंक्चर, पडणं, महत्त्वाचा भाग तुटणं, यासाठी पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या जागेत, जाऊन एक फेरी थांबायची सवलत असते. अधिकारी बघतो, पटलं तर त्याच गटाच्या मागे सोडतो. नीट न आवळलेला सीटपोस्ट (सीटचा दांडा) घसरला, गिअर नीट जुळवून न घेतल्यामुळे चेन पडली, हे त्यात बसत नाही, ते तुमचं काम होतं. दम लागला म्हणून पिटमध्ये येऊन चाक सैल करणारे आणि ‘बघा, हलतंय’ म्हणून दाखवणारे दिसतात तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या संयमाचं कौतुक वाटतं. शेवटच्या काही फेऱ्यांत ही सवलत बंद असते. हे आधी सांगितलेलं असतं, तेव्हा कुणी ऐकत नाही आणि नंतर वाद घालतात.

आयोजकही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. शेवटच्या वळणापासून रेषेपर्यंत 200 मीटरही सरळ रस्ता ठेवत नाहीत, मग सगळी शर्यत त्या वळणातच संपते. पण ते जाऊ दे.

सगळ्यात संताप येतो तो रेषेनंतरच्या प्रकाराचा. पहिले दहा केव्हाच पोचलेत. तेविसाव्या जागेसाठी कुणीतरी जीव तोडून, डावी-उजवीकडे तिरका जात स्प्रिंट मारतो, रेषा ओलांडतो आणि तिथेच, बरोबर मधोमध, ताठ बसून पाय थांबवतो. मागून पंधरा जण 50 च्या वेगाने येतायत. आणि हा एक हात हँडलवरून काढून, मान खाली घालून कंप्युटरचं बटण शोधतोय, कारण सरासरी बिघडेल. अरे बाबा, त्यात ऑटो-पॉज असतं, थांबलास की मोजणं आपोआप थांबतं. घरी सेटिंगमध्ये जाऊन ते एकदा चालू कर आणि रेषेपुढे 100 मीटर गुपचूप सरळ जात राहा.