मिशिगन बुडाले ते स्प्रेडमुळे नव्हे

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन पळण्याच्या आणि फेकण्याच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये) एखाद्या संघाने स्प्रेड पद्धतीचे, म्हणजे खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरवून केलेले, आक्रमण खेळवणारा नवा प्रशिक्षक नेमला की चाहत्यांच्या चर्चेत मिशिगन विद्यापीठाचा दाखला हमखास निघतो. प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांना डिसेंबर 2007 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाहून मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरला आणले, त्यांनी मिशिगनच्या माथी स्प्रेड मारला आणि तीन हंगामांत 15 विजय व 22 पराभव पदरात टाकून ते गेले, असा हा दाखला आहे. त्याच्या पुष्टीसाठी पाच गोष्टी सांगितल्या जातात. सुरळीत चाललेला संघ पद्धत बदलल्याने मोडला. स्प्रेड म्हणजे नुसती फेकाफेकी, तिला अंगात बळ लागत नाही. बिग टेन या मिशिगनच्या परिषदेतील (संघांच्या गटातील) धिप्पाड बचावापुढे आणि नोव्हेंबरच्या थंडीत ती चालत नाही. झटपट आक्रमणामुळे आपलाच बचाव दमतो. आणि 2011 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या ब्रेडी होक यांनी जुनी शैली परत आणताच संघाने 11 सामने जिंकले. यांतील एकही गोष्ट नोंदी तपासल्यावर जशीच्या तशी उभी राहत नाही.

सुरळीत चाललेल्या संघापासून सुरुवात करू. लॉइड कार यांच्या अखेरच्या, म्हणजे 2007 च्या हंगामात मिशिगनचा पहिला सामना ॲपलाचियन स्टेट या खालच्या विभागातील संघाशी होता आणि तो मिशिगन आपल्याच मैदानावर 34-32 असा हरले. पुढच्याच आठवड्यात ओरेगनने त्याच मैदानावर 39-7 अशी धूळ चारली. हे दोन्ही संघ स्प्रेड खेळत होते. मिशिगनला हा बदल हवासा वाटला, त्याला ही पार्श्वभूमी आहे. त्या हंगामानंतर क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) चॅड हेनी, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) माइक हार्ट आणि पुढे राष्ट्रीय व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेलेला लाइनमन (पुढच्या फळीत विरोधकांना अडवणारा) जेक लाँग यांची महाविद्यालयीन कारकीर्द संपली, तर मारियो मॅनिंगहॅम मुदतीआधीच व्यावसायिक फुटबॉलकडे वळला. कोणताही प्रशिक्षक आला असता तरी 2008 मध्ये नवख्या खेळाडूंनिशीच उतरावे लागले असते. तरीही एक गोष्ट टीकाकारांच्या बाजूने मान्य करावी लागते. उंचापुरा, दूरवर चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक रायन मॅलेट या पद्धतीत बसत नव्हता आणि तो आर्कान्सॉला निघून गेला. त्या वर्षी 3 विजय आणि 9 पराभव झाले, टोलेडोकडून 13-10 असा पराभव पत्करावा लागला, आणि त्यात क्वार्टरबॅकच्या जागी योग्य माणूस नसण्याचा वाटा मोठा होता. पण ही संक्रमणाची किंमत झाली. पद्धतच निकामी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

फेकाफेकीचा आक्षेप रॉड्रिगेझ यांच्याबाबत तर अगदीच उलटा आहे. पासवर भर देणारा स्प्रेड असतो, परंतु यांचा स्प्रेड मुळात धावण्याचा. पारंपरिक पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या हाती देऊन जवळजवळ प्रेक्षक होतो, त्यामुळे आक्रमणाचे दहा जण बचावाच्या अकरा जणांशी झुंजतात. रॉड्रिगेझ यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनव्हिल स्टेट या वेस्ट व्हर्जिनियातील लहानशा महाविद्यालयात झोन रीड ही चाल घडवली. तिच्यात बचावाच्या कडेच्या एका खेळाडूला मुद्दामच अडवले जात नाही. तो धावपटूच्या मागे आत घुसला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेतून पळतो, आणि तो जागेवर थांबला तर चेंडू धावपटूला मिळतो. अशा रीतीने एक विरोधी खेळाडू कोणीही न अडवता खेळाबाहेर जातो आणि अकराव्या माणसाचा हिशेब जुळतो. सोबतीला चार-चार रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, मैदानाच्या रुंदीभर उभे केले की त्यांच्यावर नजर ठेवायला बचावाला मधली माणसे बाहेर काढावी लागतात आणि मधला भाग धावण्यासाठी विरळ होतो. 2006 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या स्टीव्ह स्लेटनने 1,744 यार्ड धाव घेतली आणि क्वार्टरबॅक पॅट व्हाइटने हजाराचा टप्पा सहज ओलांडला. याला बळ लागत नाही असे म्हणणाऱ्याने त्या संघाच्या लाइनमनांकडे कधी पाहिलेच नसावे.

बिग टेनला ही पद्धत मानवत नाही, हे म्हणणे 2008 मध्येही जुने आणि खोटे ठरलेले होते. 2000 साली या परिषदेचे विजेतेपद मिशिगन, नॉर्थवेस्टर्न आणि पर्ड्यू यांच्यात विभागले गेले आणि तिघांपैकी नॉर्थवेस्टर्न व पर्ड्यू हे दोन संघ स्प्रेड खेळत होते. जो टिलर यांच्या पर्ड्यूचा क्वार्टरबॅक ड्र्यू ब्रीज होता. नॉर्थवेस्टर्नच्या प्रशिक्षकांनी तर त्या हंगामाआधी क्लेम्सनला जाऊन तेव्हा तिथे आक्रमण सांभाळणाऱ्या रॉड्रिगेझ यांच्याकडूनच धडे घेतले होते, आणि नोव्हेंबरात त्यांनी मिशिगनलाच 54-51 असे हरवले. थंडीचा मुद्दा इथेच निकालात निघतो. पुढे अर्बन मायर यांनी ओहायो स्टेटमध्ये स्प्रेडच खेळवून 2014 च्या हंगामात परिषदेच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनचा 59-0 असा फडशा पाडला आणि नंतर अलाबामा व ओरेगन यांना हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

आता मुख्य मुद्दा, बचावाचा. रॉड्रिगेझ यांच्या कारकिर्दीत मिशिगनचे आक्रमण सामन्यामागे सरासरी 20 गुणांवरून सुमारे 29 आणि मग सुमारे 33 गुणांपर्यंत चढत गेले. 2010 मध्ये क्वार्टरबॅक डेनार्ड रॉबिन्सनने पासद्वारे 2,570 आणि धावून 1,702 यार्ड मिळवले. एकाच हंगामात 2,500 आणि 1,500 हे दोन्ही टप्पे ओलांडणारा तो वरच्या विभागातील पहिला खेळाडू होता. नोत्र दामविरुद्ध एकाच सामन्यात त्याने एकूण 502 यार्ड मिळवले. मात्र त्याच वर्षी बचावाने सामन्यामागे 35 गुण दिले. इलिनॉयविरुद्ध तीन जादा डावांनंतर 67-65 असा विजय मिळाला, यातच सगळे आले. फलंदाजांनी तीनशे धावा करून द्याव्यात आणि गोलंदाजांनी तीनशे दहा उधळाव्यात, तसा हा प्रकार होता. त्यासाठी फलंदाजीचे तंत्र बदला, असे कोणी म्हणणार नाही.

झटपट आक्रमणानेच बचाव दमला, असे यावर म्हटले जाते. परंतु त्याच 2010 च्या हंगामात चिप केली यांचे ओरेगन याहूनही अधिक वेगाने खेळत होते आणि त्यांच्या बचावाने सामन्यामागे वीसपेक्षा कमी गुण दिले. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात ओरेगन आणि ऑबर्न हे दोन स्प्रेड संघ समोरासमोर आले, आणि तो सामना ऑबर्नने 22-19 असा जिंकला. मिशिगनचा बचाव ढासळण्याची कारणे ठळक होती. तीन वर्षांत बचावाचे दोन प्रमुख नेमले गेले, स्कॉट शेफर आणि नंतर ग्रेग रॉबिन्सन. 2009 नंतर ब्रँडन ग्रॅहम व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. मागच्या फळीतील डोनोव्हन वॉरन मुदतीआधी बाहेर पडला, अनुभवी ट्रॉय वूलफोक सरावातच जायबंदी झाला आणि त्या जागी कोवळी मुले उभी करावी लागली. ही माणसे निवडण्याची आणि घडवण्याची जबाबदारी मुख्य प्रशिक्षकाचीच असते, त्यामुळे रॉड्रिगेझ यांना दोषमुक्त करण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे अपयश खरे आहे, पण ते आक्रमणाच्या आराखड्यात नसून बचावाच्या उभारणीत होते.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो, आणि नेमका तोच कमी मांडला जातो. ओहायो स्टेटविरुद्धच्या तीन सामन्यांत मिशिगनने अनुक्रमे 7, 10 आणि 7 गुण मिळवले. म्हणजे दुबळ्या बचावांविरुद्ध फुगलेली सरासरी तगड्या बचावापुढे आक्रसत होती. तरुण क्वार्टरबॅकच्या चुका आणि एकट्या डेनार्ड रॉबिन्सनवरचा अतिरेकी भार यांचा त्यात वाटा होता. पण स्प्रेडची मर्यादा म्हणून हे सांगायचे, तर मायर यांच्या संघांनी त्याच परिषदेत काय केले, याचेही उत्तर द्यावे लागते.

उरला तो होक यांचा 2011 चा हंगाम. त्या वर्षी मिशिगनचे 11 विजय आणि 2 पराभव झाले, हे खरे. परंतु क्वार्टरबॅक तोच रॉबिन्सन होता आणि त्याने धावून पुन्हा हजारावर यार्ड मिळवले. मिळवलेल्या गुणांची सरासरी 33 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आदल्या वर्षाइतकीच राहिली. बदलला तो बचाव: ग्रेग मॅटिसन यांच्या हाताखाली दिलेल्या गुणांची सरासरी 35 वरून साधारण 17 वर आली. जुन्या शैलीची खरी परीक्षा रॉबिन्सन गेल्यावर 2013 मध्ये झाली. त्या वर्षी मिशिगन स्टेटविरुद्ध मिशिगनच्या धावण्याची एकूण बेरीज उणे 48 यार्ड आली आणि त्यानंतरच्या सामन्यात नेब्रास्काविरुद्ध उणे 21. हंगाम 7-6 असा संपला, पुढचा 5-7 असा, आणि होक यांनाही जावे लागले.